दहा ओळींत पंजाब

मोहाली, १ मे

प्रति,
मा. अध्यक्ष,
पंजाब शालेय शिक्षण मंडळ,
विद्या भवन, फेज ८, साहिबजादा अजितसिंग नगर

विषय : राज्याच्या संक्षिप्त इतिहासात काय ठेवावं आणि काय गाळावं याबाबत

महोदय,



मी आपल्या मंडळाची विद्यार्थिनी नाही, पालकही नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीपायी इथे येऊन राहिले. भाजी आणायला निघाले की विद्या भवनाची इमारत वाटेत लागते. प्रत्येक वेळी मनात येतं, आत कुणीतरी बसून ठरवतंय की पंजाबच्या लाखो मुलांनी पंजाबबद्दल नेमकं काय लक्षात ठेवायचं. एवढी मोठी जोखीम आणि पानं मात्र मोजकी. म्हणून हे पत्र. ते मराठीत लिहिलं, कारण त्यातला निम्मा हिशेब माझ्या मुलखाशी आहे. पंजाबी प्रत आपल्या आवक खिडकीवर दिली आहे. तिच्यातल्या मात्रा शेजारच्या बारावीतल्या मुलीने तपासल्या आहेत. तिचा उल्लेख पुढे येईलच.

आपल्या पुस्तकांवरून झालेले वाद मी बाहेरून पाहिले आहेत. २०१८ साली बारावीच्या नव्या पुस्तकावरून वादळ उठलं. शीख इतिहासाची प्रकरणं गाळली, हा विरोधकांचा आरोप. गाळली नाहीत, अकरावीत नेली, हे सरकारचं उत्तर. ज्येष्ठ इतिहासकार किरपाल सिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तरी वाद मिटला नाही. मग २०२२ मध्ये आपल्याच दाराशी आंदोलक आठवड्यांमागून आठवडे बसून राहिले आणि खासगी प्रकाशकांच्या बारावीच्या तीन पुस्तकांवर मंडळाने बंदी घातली.

त्या पुस्तकांतला मजकूर चूक होता की बरोबर, यात मी शिरत नाही. मला खटकलं ते वेगळंच. दोन्ही वेळा भांडण वाटणीचं होतं. कुणाला किती प्रकरणं, कुणाला किती पानं, कुणाचं नाव कसं घेतलं. भावाभावांत शेत वाटताना गुंठ्या-गुंठ्यावरून बोलणं होतं, तसं. शेतात पिकवायचं काय, हे मात्र कुणीच विचारलं नाही. थोडक्यात लिहिलेल्या इतिहासातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या एखाद्या वाक्याला बाहेर काढून आत येतं. मग आत यायची अट काय, हे कुठेतरी लिहिलेलं असायला नको का?

दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःचं सांगते. माझ्या वर्गात एकदा नांदेडचा मुलगा आला. वडिलांची बदली साताऱ्याला झाली होती. शिवकाल, पेशवाई, सामाजिक सुधारणा, संयुक्त महाराष्ट्र असा माझा वर्ग रंगात यायचा. एक दिवस तो उभा राहिला. "बाई, आमचं गाव यात कधी येतं?" मी म्हटलं, "येईल की पुढे." पुढे आलं ते एका ओळीत. १७ सप्टेंबर १९४८, निजामाच्या राज्यातून मराठवाडा मुक्त झाला. तास संपला. त्या मुलाचे आजोबा-पणजोबा ज्या राज्यात जन्मले, कर भरत राहिले, कोर्टकचेऱ्यांत उर्दू लिहीत राहिले, ते राज्य माझ्या शिकवण्यात फक्त संपण्यापुरतं आलं. चंद्रपूरच्या गोंड राजांना तर मी तेवढीही ओळ दिली नाही. मी 'महाराष्ट्राचा इतिहास' शिकवते असं म्हणायचे; शिकवत होते पुणे-साताऱ्याचा.

मोहालीत आल्यावर त्या मुलाच्या प्रश्नाने मला दुसऱ्यांदा गाठलं. इथून जवळच छप्पर चिरीला फतेह बुर्ज आहे. ३२८ फूट उंच. मे १७१० मध्ये तिथे बंदा सिंग बहादुरांनी सरहिंदच्या वझीर खानाला हरवलं. पाहायला गेले तर गोष्ट सुरू होते कुठून? नांदेडहून. १७०८ साली गोदावरीच्या काठी राहणारा माधोदास बैरागी गुरू गोबिंद सिंगांना भेटला आणि तिथूनच पंजाबकडे निघाला. त्याने शेत कसणाऱ्यांना जमीन दिली, गुरूंच्या नावाने नाणी पाडली. म्हणजे माझ्या इतिहासात एका ओळीत आटोपलेलं नांदेड पंजाबच्या इतिहासात उगमापाशी उभं आहे. गाव एकच. लहान की मोठं, ते कुणी कुठे उभं राहून पाहिलं त्यावर.

आता शेजारच्या मुलीविषयी. परीक्षेआधी ती माझ्याकडे इतिहासाची उजळणी करायला येते. "आंटीजी, सगळं पाठ आहे, पण एकात एक मिसळतं," म्हणाली. मी तिला माझा जुना खेळ दिला. पंजाबचा इतिहास दहा ओळींत लिही. अकरावी ओळ लिहिलीस तर मागची एक खोडायची.

तिने पहिल्या दहा ओळी पंधरा मिनिटांत लिहिल्या. पहिली हडप्पा संस्कृती आणि रोपडचं उत्खनन. मग गुरू नानक, गुरू अर्जन, गुरू तेग बहादुर, खालसा पंथ. मग बंदा बहादुर, महाराजा रणजित सिंग, इंग्रजांशी दोन युद्धं, जालियनवाला बाग, भगतसिंग. दहा झाल्या. १९३१ पाशी पंजाब संपला.

"आणि सत्तेचाळीस?"

तिने वहीकडे पाहिलं. तिची आजी, घरातल्या सगळ्यांची बीजी, शेखूपुऱ्याहून आलेली. सात वर्षांची असताना काफिल्यातून चालत. घरात अजून तिकडच्या विहिरीचं पाणी निघतं. "ते तर बीजी सांगतात," मुलगी म्हणाली, "ते पुस्तकातलं नाही ना."

महोदय, पुस्तकात फाळणी असते हे मला माहीत आहे. पण मुलीच्या मनात घरचं आणि पुस्तकातलं अशी दोन खाती पडली आहेत. पुस्तकातला इतिहास म्हणजे थोरांचा, घरातली ती नुसती आठवण. माझ्या वर्गातल्या नांदेडच्या मुलाचं हेच झालं असणार. संक्षिप्त इतिहासाचं खरं अपयश मला इथे दिसतं. एखादं नाव राहून गेलं, ते पुढच्या आवृत्तीत घालता येतं. वाचणाऱ्याला आपण या गोष्टीत कुठेच नाही असं वाटलं, तर कितीही पानं वाढवून ते भरून निघत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. वाचणारं मूल आज ज्या जमिनीवर उभं आहे, ती जमीन अशी का झाली, हे ज्या वाक्याने कळतं ते आत. ज्याने नुसती छाती फुगते, ते बाहेर थांबेल.

ही कसोटी मोहालीलाच लावून पाहू. मोहाली मुळात का आहे? १९४७ मध्ये लाहोर गेलं, म्हणून राजधानीसाठी चंदीगड बांधावं लागलं. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबची पुनर्रचना झाली, हरियाणा वेगळा झाला, डोंगराळ भाग हिमाचलकडे गेला आणि चंदीगड केंद्रशासित होऊन दोघांची सामायिक राजधानी बनलं. मग पंजाबने चंदीगडला खेटून आपलं शहर वसवलं आणि चमकौरच्या लढाईत कामी आलेल्या, गुरू गोबिंद सिंगांच्या मुलाचं, अजितसिंगांचं नाव त्याला दिलं. मटौर, कुंभडा, सोहाणा, शाही माजरा ही पुआधी बोलणारी गावं फेज आणि सेक्टरांच्या आकड्यांत वेढली गेली. २००६ मध्ये जिल्हा झाला. आपल्या कार्यालयाच्या पत्त्यातच पंजाबची साठ-सत्तर वर्षं आहेत. मुलीच्या दहा ओळींत त्यांतलं एकही वर्ष नव्हतं.

आणखी मागे जाऊ. महाराजा रणजित सिंगांवर प्रत्येक पुस्तकात भरपूर पानं असतात आणि असावीत. पण १८०९ च्या अमृतसरच्या तहाने त्यांच्या राज्याची हद्द सतलजपाशी थांबली. मोहालीचा मुलूख सतलजच्या अलीकडे, म्हणजे महाराजांच्या राज्याबाहेर राहिला. इथला खरड तालुका इंग्रजांच्या अंबाला जिल्ह्यात होता, आणि पतियाळा, नाभा, जिंदची संस्थानं इंग्रजांच्या छायेखाली. ती १९४८ मध्ये पेप्सू म्हणून एकत्र आली आणि १९५६ मध्ये पंजाबात विलीन झाली. एवढी एक ओळ दिली, तर मोहालीच्या मुलीला कळेल की लाहोर दरबाराचा इतिहास तिच्या राज्याचा आहे, पण तिच्या गावाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. नाहीतर तिचं गाव माझ्या नांदेडसारखंच. शेवटी येऊन मिळणारं.

आता माझ्या मुलखाचा हिशेब. मराठी माणसाला विचारलं, पंजाबच्या इतिहासात आपलं काय, तर तो पट्कन म्हणेल अटक. अटकेपार झेंडे लावले, हे आमच्या भाषेत म्हणीसारखं रुळलं आहे. मीही ते वर्गात हात उंचावून शिकवलं. इथे आल्यावर तो धडा इथल्या बाजूने वाचला. १७५८ मध्ये जालंधर दुआबातल्या अदिना बेगने मराठ्यांना पैसे कबूल करून बोलावलं. शीख जथ्यांनाही बरोबर घेऊन सरहिंद घेतलं, मग लाहोर. रघुनाथराव पावसाळ्याआधी परत फिरले. पुढच्याच वर्षी अब्दाली आला आणि मराठी ठाणी उठली. १७६१ ला पानिपत झालं. आमचं पुस्तक पानिपतावर रडतं आणि दक्षिणेकडे वळतं. पंजाब मात्र तिथेच होता. ५ फेब्रुवारी १७६२ ला कुप-राहिड्याजवळ अब्दालीने शिखांची हजारोंनी कत्तल केली. वड्डा घल्लूघारा. एकोणतीस वर्षांत मी तो शब्द एकदाही उच्चारला नाही. आमचे झेंडे गेले ती भूमी झेंडे उतरल्यावर कशातून गेली, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

तेव्हा आपल्या संक्षिप्त इतिहासात अटकेला किती जागा? माझं उत्तर, अर्धी ओळ. त्यापेक्षा मराठ्यांचा दुसरा प्रसंग घ्या, जो आम्ही अभिमानाने सांगत नाही. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रज सेनापती लेकच्या फौजेपुढे माघार घेत पंजाबात आले आणि त्यांनी रणजित सिंगांकडे मदत मागितली. रणजित सिंगांनी दिली नाही. होळकरांनी बियासच्या काठी तह केला. रणजित सिंगांचं राज्य पुढे १८४९ पर्यंत टिकलं. आमचा स्वाभिमान इथे दुखावतो, पण पंजाबच्या इतिहासात या नकाराचं वजन अटकेच्या झेंड्याहून जास्त आहे. त्याला पूर्ण ओळ द्या.

संत नामदेवांना तर ओळीपेक्षा जास्त. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. एप्रिल २०१५ मध्ये तिथे अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. फौज वर्षभरात परतली, शब्द सातशे वर्षं राहिला. आणि दोन नावं भगतसिंगांच्या पानावर असू द्या. करतारसिंग सराभांबरोबर १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरात फाशी गेलेले विष्णू गणेश पिंगळे आणि २३ मार्च १९३१ ला भगतसिंग-सुखदेवांबरोबर गेलेले राजगुरू. ही मागणी मराठी कोट्यातली नाही. गदर चळवळ आणि हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन आर्मी पंजाबात लढल्या, तरी त्या पंजाबपुरत्या नव्हत्या, हे या दोन नावांनी कळतं.

आता ज्यांच्यासाठी आंदोलन होत नाही, त्यांच्याविषयी. पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ३२ टक्के होती. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त. पण जमीन त्यांच्याकडे फार थोडी. का? १९०० च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने 'शेतकरी जमाती' कोणत्या, याची यादीच केली. त्या यादीबाहेरच्यांना शेतजमीन विकत घेणं जवळपास अशक्य झालं. कायदा सावकाराला रोखण्यासाठी म्हणून आला. शेतावर राबणारा दलितही त्याच कुंपणाबाहेर राहिला. १९२६ मध्ये होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवालला मंगूराम यांच्या पुढाकाराने आद धर्म चळवळ सुरू झाली, आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून जास्त लोकांनी आपला धर्म 'आदधर्मी' लिहवला. महाडच्या सत्याग्रहाच्या एक वर्ष आधीची ही सुरुवात. फुले-आंबेडकर शिकवणाऱ्या मला ती ठाऊक नव्हती.

तशीच पेप्सूतल्या मुजाऱ्यांची, म्हणजे कुळांची चळवळ. मार्च १९४९ मध्ये किशनगढला त्यांच्यावर लष्कर धाडलं गेलं. तशाच फाळणीत पळवलेल्या बायका, ज्यांना शोधून परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला आणि ज्यात परत जायचं की नाही हे त्या बाईला विचारणं बंधनकारक नव्हतं. या तीन गोष्टींना मिळून चार ओळी पुरतील. आज पंजाबात शेत कुणाचं आणि ते कुणी कसायचं, घरातली कुठली गोष्ट बोलली जाते आणि कुठली गिळली जाते, हे या चार ओळींशिवाय कळायचं नाही.

आता सगळ्यात अवघड पान. ते लिहिताना हात थांबतो, हे मी समजू शकते. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, नोव्हेंबरमध्ये दिल्लीतलं शीख हत्याकांड आणि मग नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतची ती काळी वर्षं. पुष्कळ संक्षिप्त इतिहास इथे अचानक चपळ होतात. 'काही काळ अशांतता होती' म्हणून उडी मारतात ती थेट पुढच्या निवडणुकीवर. पण आपल्या मोहाली जिल्ह्यातच लालरू आहे. जुलै १९८७ मध्ये तिथे बस थांबवून हिंदू प्रवाशांना गोळ्या घातल्या गेल्या. आणि अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानांच्या नोंदी तपासून पोलिसांनी बेवारस म्हणून जाळलेल्या माणसांचा हिशेब मांडणारे जसवंतसिंग खालरा सप्टेंबर १९९५ मध्ये पळवले गेले आणि पुढे मारले गेले. त्यात पोलिसांना शिक्षा झाली. खालरांना पळवण्याच्या काही दिवस आधी, ३१ ऑगस्टला, मुख्यमंत्री बेअंतसिंग चंदीगडच्या सचिवालयात स्फोटात मारले गेले. या काळाची सावली पुण्यावरही पडली. १९८४ मध्ये लष्करप्रमुख असलेल्या जनरल अरुणकुमार वैद्य यांचा ऑगस्ट १९८६ मध्ये तिथे खून झाला. माझ्या शाळेतल्या मुलांना वैद्य माहीत होते, दिल्लीचा नोव्हेंबर माहीत नव्हता. ती माझी चूक.

एकट्या लालरूचं नाव घेतलं तर पुस्तक सरकारी होतं, एकट्या खालरांचं घेतलं तर एका पक्षाचं. दोन्ही नावं एका पानावर आली, तरच वाचणाऱ्याला दोन्हीकडच्या घरांत मांडलेली रिकामी खुर्ची दिसते.

असं लिहिणाऱ्याची किंमत काय असते, याचा दाखला पंजाबच्याच इतिहासलेखनात आहे. जोसेफ डेव्ही कनिंगहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने १८४९ मध्ये शिखांचा इतिहास लिहिला. पहिल्या इंग्रज-शीख युद्धात लाहोर दरबारचे सेनानी आतून इंग्रजांशी संधान बांधून होते, हे त्याने लिहून टाकलं. त्याच्याच सरकारने त्याला राजकीय खात्यातून काढून पलटणीत परत पाठवलं. १८५१ मध्ये तो अंबाल्याला वारला. इथून तासाभराच्या वाटेवर. त्याला शिक्षा देणाऱ्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पुस्तक अजून वाचलं जातं.

श्रद्धेबद्दल दोन शब्द. गुरूंचा इतिहास पंजाबच्या इतिहासाचा कणा आहे. तो आक्रसून चालणार नाही, हे आपल्या दाराशी बसलेल्यांचं म्हणणं मला पटतं. पण गुरुद्वारात ऐकलेली साखी, म्हणजे गुरूंची कथा, आणि वर्गात वाचलेलं पान यांची कामं वेगळी आहेत. साखी मन घडवते. वर्गातल्या पानाने 'हे आपल्याला कशावरून कळलं' हे सांगायचं असतं. आमच्याकडे दादोजी कोंडदेवांचं झालं ते पाहा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ते शिवरायांचे गुरू असल्याचं ठामपणे शिकवलं. मग वाद झाला आणि २०१० च्या डिसेंबरात पुण्याच्या लाल महालातून त्यांचा पुतळा हलवला गेला. आधी ठामपणे होतं, मग ठामपणे नव्हतं. मधल्या काळात मुलाला कागद, पुरावा, त्याचं वय, त्याचं वजन हे काहीच कुणी दाखवलं नाही. शिकवायचं होतं ते तेच.

मलेरकोटल्याचं उदाहरण घ्या. गुरू गोबिंद सिंगांच्या धाकट्या मुलांना, साहिबजाद्यांना, भिंतीत चिणण्याची शिक्षा झाली, तेव्हा तिथल्या नवाब शेर मुहम्मद खानाने विरोध केला, म्हणून १९४७ मध्ये तिथल्या मुसलमानांना धक्का लागला नाही, अशी पंजाबची आठवण आहे. सुंदर आठवण आहे. आणि त्याच घराण्याचा भीखन खान १७६२ च्या घल्लूघाऱ्यात अब्दालीच्या बाजूने होता, हेही खरं आहे. पंजाबने दोन्हींपैकी काय उराशी धरायचं ते निवडलं. मुलाला पहिलंच सांगितलं तर गोष्ट गोड होते. दोन्ही सांगितलं तर त्याला कळतं की पंजाबने मोठेपणा दाखवला. संक्षेपात विसंगती आधी छाटली जाते, आणि तिच्याबरोबर माणसंही.

आपल्याकडे मागणं तीन गोष्टींचं.

एक. पुस्तकाच्या सुरुवातीला दोन पानं मंडळाने आपल्या सहीने लिहावीत : आम्ही काय गाळलं आणि का. दुकानदार बिलावर लिहितो, माल परत घेतला जाणार नाही. तुम्ही उलट लिहा. पुढच्या समितीला निदान वाद घालायला कागद मिळेल, धरणं धरायला फक्त दार नको.

दोन. प्रत्येक प्रकरणाला एक वादाचा मुद्दा द्या, त्याच्या दोन्ही बाजूंच्या साधनांसह. फार तर अर्धं पान. पण परीक्षेत त्याच्यावर प्रश्न हवा; नाहीतर तो कुणी वाचणार नाही, हे मी शिक्षिकेच्या अनुभवाने सांगते.

तीन. शेवटची चार पानं कोरी ठेवा. त्यावर मुलाने आपल्या घराची, गावाची, फेजची एक हकीकत लिहावी, आणि ती पुस्तकातल्या कुठल्या पानाला जाऊन जोडते, तो पान क्रमांक द्यावा. जोडता आली नाही, तर ती आपल्या पुस्तकातली उणीव. ती गोळा करा. पुढच्या आवृत्तीत काय घालायचं, हे त्यातून कळेल.

आज महाराष्ट्र दिन आहे. तिकडे हुतात्म्यांना हार घातले जात असतील आणि बेळगावचा विषय निघत असेल. प्रत्येक राज्याला आपली गोष्ट हद्दीपासून सांगायला आवडते. मी आज मोहालीत बसून शेजारच्या मुलीची वही तपासली. तिने दहा ओळी पुन्हा लिहिल्या आहेत. हडप्पा आहे. गुरूंच्या चार ओळींच्या तिने दोन केल्या, त्यांतली एक लंगर आणि संगतीची. भांडून, पण स्वतःच. रणजित सिंग आहेत, मात्र सतलजसकट. इंग्रजांची दोन युद्धं आणि जालियनवाला एका ओळीत. भगतसिंगांबरोबर राजगुरू आले. १९०० चा कायदा आला. १९६६ आलं. १९८४ ची ओळ आली, तिच्यात लालरू आणि खालरा दोन्ही. १९६६ च्याच ओळीत मोहालीची गावंही आली, कारण मटौरला तिची मैत्रीण राहते.

सत्तेचाळीसची ओळ तिने सगळ्यांत शेवटी लिहिली. "शेखूपुऱ्याहून सात वर्षांची बीजी चालत आली." पुढे कंसात : दोन्ही बाजूंनी मिळून कोटीच्या वर माणसं.

ती अकरावी ओळ होती. नियम माझाच होता, मागची एक खोडायची. होळकर नाही, नामदेव नाही. ते माझ्या सांगण्यात असले तरी तिच्या वहीत कधी आलेच नव्हते. मला खूश करायला तिने फक्त एक ओळ लिहिली होती, १७५८ ची. तिने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टी ठेवून सरळ काट मारली.

मी शेऱ्याच्या जागी 'योग्य' लिहिलं.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
मोहाली